कोंबडखत तापले, पण औषध विरले का?

बंगळुरूहून कोलारकडे जाणाऱ्या महामार्गावर पहाटे दोन प्रकारची वाहतूक एकमेकींना ओलांडते. शहराच्या दिशेने टोमॅटो, कोबी, फरसबी, कांद्याची पात आणि कोथिंबीर भरलेले टेम्पो येत असतात. उलट दिशेला ताडपत्री घट्ट आवळलेल्या मालमोटारी जात असतात. त्या जवळून गेल्या की अमोनियाचा उग्र दर्प बंद काचांतूनही आत शिरतो. ताडपत्रीखाली कोंबडखत असते. नाशिक, तासगाव किंवा नारायणगावच्या बागायतदाराला त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. स्वस्त, नत्राने समृद्ध आणि पिकाला लवकर लागू पडणारे हे खत बंगळुरूभोवतीच्या पोल्ट्र्यांतून निघते आणि कोलार, चिक्कबळ्ळापूर भागातल्या द्राक्षबागांत व भाजीपाल्याच्या शेतांत जाते.

याच टापूत २०१८ पासून बंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणीही कोरमंगल–चल्लघट्ट खोऱ्यातून कोलारच्या कोरड्या तळ्यांत सोडले जात आहे. म्हणजे महानगर आपले सांडपाणी आणि आपल्या ताटातल्या कोंबडीची विष्ठा पूर्वेकडे पाठवते आणि मोबदल्यात भाजी घेते. तत्त्वतः यात वावगे काही नाही. शहर आणि शेती यांच्यातला हा फेरा फार जुना आहे. परंतु या फेऱ्यात आता एक असा जिन्नस शिरला आहे, ज्याची नोंद ना पोल्ट्रीच्या वहीत नीट सापडते, ना खताच्या पावतीवर, ना भाजीबाजाराच्या काट्यावर. तो जिन्नस म्हणजे औषध.

ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत विक्रीला तयार होते. या अल्प आयुष्यात ती भाताच्या तुसावर किंवा भुईमुगाच्या टरफलांवर वाढते. विष्ठा, सांडलेले खाद्य, पिसे आणि तूस यांचा मिळून जो थर साचतो त्याला पोल्ट्रीवाले ‘लिटर’ म्हणतात. हजारो पक्षी एका छपराखाली असले की आजारी पक्षी वेगळा काढून त्याच्यावर उपचार करणे व्यवहार्य नसते. म्हणून औषध पिण्याच्या पाण्यातून वा खाद्यातून साऱ्या कळपालाच दिले जाते. काही औषध आजारावर, काही आजार होऊ नये म्हणून आणि काही वजन लवकर भरावे म्हणून (हे तिसरे कारण सहसा कोणी उघडपणे सांगत नाही). पक्ष्याच्या शरीरात यांतल्या अनेक प्रतिजैविकांचे पूर्ण विघटन होत नाही; मोठा भाग मूळ रूपातच विष्ठेतून बाहेर पडतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कुक्कुटपक्षी मोजले गेले. त्यांच्या विष्ठेतून किती औषध जमिनीत जाते, हे मोजणारी गणना अद्याप झालेली नाही.

दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने २०१४ मध्ये राजधानी परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश आढळले. त्यावर वृत्तपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. २०१७ मध्ये याच संस्थेने चार राज्यांतील १२ पोल्ट्र्यांचे लिटर आणि भोवतालची माती तपासली. तेथे एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणारे जिवाणू सापडले. या दुसऱ्या तपासणीची चर्चा पहिलीच्या मानाने कमीच झाली. आपण मांस खातो, लिटर खात नाही, असा सोयीस्कर समज त्यामागे असावा.

या प्रश्नावर अलीकडे जे उत्तर सर्रास पुढे केले जाते ते एका शब्दात सांगता येते: उष्णता. कोंबड्यांचा कचरा तापवा, शिजवा, सुकवा, जाळा. जंतू मरतील, औषधही विरेल. उत्तर निराधार नाही. परंतु किती अंश, किती वेळ आणि कोणते औषध, हे तीन तपशील गाळले की ते उत्तर निरर्थक होते. आणि आपल्या शासकीय कागदपत्रांतून नेमके हेच तपशील गळतात. नोकरीच्या काळात ‘योग्य प्रक्रिया करून विल्हेवाट लावावी’ अशा शब्दांच्या कितीतरी टिपणींवर मीही सही केली आहे. ‘योग्य’ म्हणजे काय, असा शेरा एकदाही मारल्याचे आठवत नाही.

वास्तविक कचऱ्यातील उष्णतेचा विचार करण्यात हा देश कधीकाळी जगाच्या पुढे होता आणि त्या विचाराच्या दोन पद्धती आपल्याच दोन शहरांच्या नावांनी ओळखल्या जातात. इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२० च्या दशकात कंपोस्टची जी रीत बसवली, ती ‘इंदूर पद्धत’. दोघांचे त्यावरील पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. काडीकचरा आणि शेण यांचे थर रचायचे, ओलावा राखायचा आणि ढीग ठरावीक दिवसांनी उलटायचा. हवा मिळाली की जिवाणू जोमाने काम करतात आणि ढिगाचे पोट साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापते. दुसरी ‘बंगळुरू पद्धत’. येथील भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. सी. एन. आचार्य यांनी ती १९३९ मध्ये विकसित केली. नगरपालिकांना ढीग वारंवार उलटण्याइतकी माणसे मिळत नसत, म्हणून त्यांनी खड्ड्यात कचरा आणि मैला यांचे थर घालून वरून मातीने लिंपून टाकण्याची सोय सुचवली. सुरुवातीचे काही दिवस हवेच्या साहाय्याने ढीग तापतो, मग हवा संपते आणि सहा-आठ महिने सावकाश कुजणे चालते. मजुरी वाचते, माश्या होत नाहीत, नत्रही कमी उडतो.

या दोन्ही पद्धती ज्या काळात जन्मल्या त्या काळात कोंबडीच्या खाद्यात प्रतिजैविक नव्हते. ढिगाच्या उष्णतेकडून पटकीचे व हगवणीचे जंतू आणि माशीची अळी मारण्याची अपेक्षा होती आणि ती उष्णता हे काम चोख करी. आज त्याच ढिगाकडून आपण रेणू मोडण्याची अपेक्षा करतो. जंतू मारणे आणि रेणू मोडणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला पंचावन्न अंश आणि काही दिवस पुरतात. दुसऱ्याचे उत्तर औषधागणिक बदलते.

किती बदलते, याचा एक नेटका प्रयोग अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. टर्की पक्ष्यांच्या लिटरमध्ये चार औषधे मिसळून ते तीन प्रकारे कुजवण्यात आले. बावीस ते पस्तीस दिवसांनंतर क्लोरटेट्रासायक्लिन ९९ टक्क्यांहून अधिक नाहीसे झाले होते. मोनेन्सिन आणि टायलोसिन ५४ ते ७६ टक्के घटले. चौथे औषध सल्फामेथाझिन. त्यात कोणत्याही ढिगात काहीच घट झाली नाही. ढीग तोच, उष्णता तीच, दिवस तेवढेच. क्लोरटेट्रासायक्लिनचा आकडा पाहून कोणी ‘कंपोस्टने औषधे नष्ट होतात’ असे लिहील, सल्फामेथाझिनचा पाहून कोणी ‘होत नाहीत’ असे लिहील, आणि दोघेही प्रयोगाचा हवाला देतील.

यामागचे कारण रेणूंच्या घडणीत आहे. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे ओलाव्यात आणि उष्णतेत लवकर तुटतात. टेट्रासायक्लिन कुळ तापल्यावर रूप बदलते. त्यामुळे तपासणीत मूळ औषध दिसेनासे झाले तरी त्यापासून बनलेल्या पदार्थांचा शोध वेगळा घ्यावा लागतो. सल्फा औषधे चिवट, शिवाय पाण्याबरोबर वाहून जाणारी. आणि सर्वांत काळजीचे कुळ म्हणजे फ्लुओरोक्विनोलोन. पोल्ट्रीत वापरले जाणारे एन्रोफ्लॉक्सॅसिन याच कुळातले. पक्ष्याच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सॅसिन बनतो, म्हणजे थेट माणसाच्या औषधपेटीतले औषध. हे रेणू उन्हाने मोडतात, परंतु स्वयंपाकाच्या किंवा ढिगाच्या उष्णतेला सहसा बधत नाहीत, आणि लिटर व मातीच्या कणांना घट्ट चिकटून राहतात. ढिगाच्या पोटात ऊन पोहोचत नाही.

शेतापर्यंत गेल्यावर काय होते? मिनेसोटातीलच एका आधीच्या अभ्यासात (२००५) औषधयुक्त शेणखतावर मका, कांद्याची पात आणि कोबी वाढवून पाहिली गेली. तिन्ही पिकांनी क्लोरटेट्रासायक्लिन थोड्या प्रमाणात शोषले. टायलोसिन शोषले नाही. भाजीतील तो अंश खाणाऱ्याला विषबाधा करण्याइतका मुळीच नसतो आणि भाजी खाणे सोडावे असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. खरा धोका मातीतच आहे. अत्यल्प औषधाच्या सततच्या सान्निध्यात जे जिवाणू तगतात ते त्या औषधाला सरावलेले असतात, आणि हे सरावलेपण ते इतर जिवाणूंनाही देऊ शकतात. टायफॉइडवर एके काळी हुकमी असलेले सिप्रोफ्लॉक्सॅसिन आज भारतात बहुतांशी निकामी झाले आहे. त्याचे सारे खापर पोल्ट्रीवर फोडणे अन्यायाचे होईल. माणसांनीच ते चण्याफुटाण्यासारखे खाल्ले. परंतु माणसांवर निर्बंध घालायचे आणि तेच कूळ टनांनी जमिनीत पसरू द्यायचे, याला धोरण म्हणता येत नाही. ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधप्रतिरोधामुळे झाले.

लिटर हा कचऱ्याचा एक भाग झाला. दुसरा भाग बंगळुरूच्या गल्लीबोळांतल्या चिकनच्या दुकानांत रोज तयार होतो: पिसे, आतडी, मुंडकी, पाय. रविवारच्या दुपारी तो किती होतो याची कल्पना मांसाहारी शहराला असायला हरकत नाही. त्याचा काही भाग रात्री रस्त्याकडेला किंवा तलावाकाठी टाकला जातो आणि भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या त्यावर पोसल्या जातात. उरलेल्या भागासाठी ‘रेंडरिंग’ ही रीत सुचवली जाते: मोठ्या बंद कढईत वाफेच्या दाबाखाली सारे शिजवायचे, चरबी वेगळी काढायची आणि कोरडी भुकटी खाद्याला वा खताला विकायची. शेजारच्या केरळने जिल्ह्याजिल्ह्यांत असे कारखाने उभे करण्याचा मार्ग धरला आहे आणि नदीनाल्यांत टाकल्या जाणाऱ्या कचऱ्यावरचा तो निःसंशय चांगला उपाय आहे.

येथेही औषधाचा प्रश्न पाठ सोडत नाही. जॉन्स हॉपकिन्स आणि ॲरिझोना स्टेट या विद्यापीठांतील संशोधकांनी २०१२ मध्ये पिसांच्या भुकटीचे १२ नमुने तपासले. ही भुकटी रेंडरिंगमधून, म्हणजे कढईतल्या उष्णतेतून, बाहेर आलेली होती. बाराही नमुन्यांत औषधांचे अंश होते. प्रतिजैविकांची सहा कुळे आणि एकेका नमुन्यात दोन ते दहा औषधे. दहा नमुन्यांत कॅफिनही होते. संशोधकांनी प्रयोगशाळेत रेंडरिंगची नक्कल केली तेव्हा काही औषधे उष्णतेने मोडत असल्याचेही दिसले. म्हणजे उष्णता आपले काम करत होती, पण सर्वांवर नाही. अमेरिकेने कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सॅसिनवर २००५ मध्ये बंदी घातली होती, तरीही तेथील काही नमुन्यांत फ्लुओरोक्विनोलोन सापडले. पीस हे एका अर्थाने पक्ष्याचे बाड आहे, जे खाल्ले ते त्यात उतरते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा दप्तराचे मोल कळते. ते कोणी मुद्दाम लिहिलेले नसते, म्हणूनच विश्वासार्ह असते.

मग आणखी तापवावे का? चारशे-सहाशे अंशांवर, हवा कोंडून, लिटरचा कोळसा केला तर औषधांचे रेणू आणि प्रतिरोधाची जनुके दोन्ही टिकत नाहीत. स्फुरद आणि पालाश कोळशात राहतात, नत्राचा मोठा भाग मात्र जातो, आणि शेतकरी कोंबडखताला पैसे मोजतो ते मुख्यतः नत्रासाठी. थेट जाळून वीज करण्याचा मार्गही जुना आहे. इंग्लंडमधील सफकच्या आय या गावी १९९२ पासून लिटरवर वीजनिर्मिती होते. मिनेसोटातील बेन्सनचा ५५ मेगावॉटचा प्रकल्प २००७ मध्ये मोठ्या उत्साहात सुरू झाला आणि वीज महाग पडते म्हणून २०१८ मध्ये बंदही झाला.

हिशेब आपल्याकडेही करून पाहण्यासारखा आहे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या ताज्या विष्ठेत सुमारे ७५ टक्के पाणी असते. एक टन विष्ठा दहा टक्के ओलाव्यापर्यंत सुकवायची तर ७०० किलोंहून अधिक पाण्याची वाफ करावी लागेल. एका किलोला साधारण २.६ मेगाज्यूल धरले तर १,८०० मेगाज्यूल झाले. जळाऊ लाकडातून किलोमागे १५ मेगाज्यूल मिळतात आणि भट्टीत निम्मी उष्णता वाया जाते असे धरले, तर टनामागे सुमारे २५० किलो लाकूड. हे केवळ सुकवण्यापुरते. औषध मोडण्याची उष्णता त्यापुढची. जी प्रक्रिया एक टन कचऱ्यासाठी पाव टन लाकूड मागते, ती पाच हजार पक्ष्यांचा पोल्ट्रीवाला करील अशी अपेक्षा ठेवणारा नियम कागदावरच राहणार. ब्रॉयलरचे लिटर मुळात कोरडे असते, त्याचा हिशेब याहून पुष्कळ बरा. म्हणून दोहोंना एकच नियम लावणेही चुकीचे.

नियमात उष्णता कशी लिहावी याचा धडा युरोपने फार मोठी किंमत देऊन घेतला. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये गायींचा मेंदू पोखरणारा रोग ओळखला गेला. मेलेल्या जनावरांच्या हाडामांसाची शिजवलेली भुकटी पुन्हा गायींनाच खाऊ घातल्याने तो पसरला होता. भुकटी ‘प्रक्रिया केलेली’ होती. दहा वर्षे ‘काळजीचे कारण नाही’ असे सांगितल्यावर १९९६ मध्ये त्या सरकारला माणसांनाही बाधा झाल्याचे मान्य करावे लागले. त्यानंतर युरोपीय नियमांत सर्वांत धोकादायक प्राणिज कचऱ्यासाठी जे शब्द आले ते असे: किमान १३३ अंश, सलग २० मिनिटे, तीन बार दाब. ज्या कचऱ्याचे कंपोस्ट वा बायोगॅस करायचे त्यासाठी ७० अंश, ६० मिनिटे आणि तुकड्यांचा आकार १२ मिलिमीटरपेक्षा मोठा नको. निरीक्षकाला ‘योग्य’ शब्दाचा अर्थ लावत बसावे लागत नाही. तो तापमापकाची नोंद मागतो. अर्थात हे आकडे जंतूंसाठी आहेत, औषधांसाठी नव्हेत. त्यांतून घ्यायची आहे ती लिहिण्याची पद्धत.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. माणसाच्या उपचारातले अखेरचे अस्त्र मानले जाणारे कोलिस्टिन अन्नोत्पादक प्राण्यांसाठी वापरण्यास केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये मनाई केली. २०२५ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांवरही तशीच बंदी आली. मांस, अंडी, दूध यांतील औषधांच्या कमाल मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरण ठरवते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पोल्ट्र्यांसाठीची पर्यावरणीय मार्गदर्शक तत्त्वे हरित लवादाच्या आदेशानंतर २०२१ मध्ये सुधारली गेली आणि पाच हजारांहून अधिक पक्ष्यांच्या पोल्ट्र्या त्यांच्या कक्षेत आल्या; त्यांचा मुख्य रोख दुर्गंधी, माश्या, भूजल आणि मृत पक्ष्यांची विल्हेवाट यांवर आहे. आणि सेंद्रिय खतांची मानके १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात आहेत: ओलावा, सेंद्रिय कर्ब, कर्ब-नत्र गुणोत्तर, आर्सेनिक, कॅडमियम, शिसे, पारा. औषधाचा रकाना त्यात नाही. आरोग्य, अन्न, पर्यावरण, कृषी या चार दालनांनी आपापला तुकडा सांभाळला आहे, आणि लिटर या चौघांच्या भिंतींमधल्या बोळात पडून आहे.

निवृत्तीनंतर ओळखीच्या एका बागायतदाराकडचे कोंबडखत मी एका प्रयोगशाळेत तपासायला दिले. प्रतिजैविकांचे अंश पाहायचे आहेत, असे सांगितल्यावर तेथील तरुण अधिकाऱ्याने अत्यंत नम्रपणे छापील अर्ज पुढे केला आणि त्यात तसा रकानाच नाही हे दाखवले. मांसाचा नमुना असता तर झाले असते, खताचा होत नाही. अर्ज कोणीतरी माझ्यासारख्यानेच मंजूर केला असणार.

असा रकाना घालण्याच्या अगदी जवळ सरकार एकदा पोहोचले होते. जानेवारी २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने औषधनिर्मिती कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी जो मसुदा काढला त्यात १२१ प्रतिजैविकांच्या अवशेषांच्या मर्यादा दिल्या होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा तो तक्ता गळालेला होता. कारखान्यांबाबत जे जमले नाही ते हजारो विखुरलेल्या पोल्ट्र्यांबाबत कसे जमावे, असा प्रश्न माझ्या माजी सहकाऱ्यांपैकी कोणीही विचारील. माझे म्हणणे असे की पोल्ट्रीत ते उलट सोपे आहे, कारण औषधाचा निर्णय हजारो ठिकाणी होत नाही.

दक्षिण भारतातील आणि महाराष्ट्रातीलही ब्रॉयलर उत्पादनाचा मोठा भाग आज कराराने चालतो. कंपनी पिल्ले देते, खाद्य देते, औषध देते, देखरेखीला माणूस पाठवते. शेतकरी छप्पर, वीज, पाणी आणि श्रम देतो आणि वाढीव वजनावर मोबदला घेतो. कोंबडी कंपनीची. लिटर मात्र शेतकऱ्याचे. ते विकून येणारे चार पैसे ही त्याची वरकड कमाई समजली जाते. म्हणजे औषध कोणते आणि किती, हे एकाने ठरवायचे आणि औषधाचा उरलेला अंश दुसऱ्याच्या मालकीचा व्हायचा. उद्या ‘लिटर तापवून द्या’ असा नियम झाला, तर या रचनेत त्याचा खर्च कोणावर पडेल हे सांगायला नको. उष्णताप्रक्रियेच्या साऱ्या चर्चेत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो विचारला गेल्याचे क्वचितच दिसते.

उष्णतेच्या आडोशाने औषधांचा वापर तसाच चालू ठेवण्याचा मोहही कमी लेखता येणार नाही. बंगळुरूपासून पन्नासेक किलोमीटरवर रामनगरच्या खडकाळ टेकड्यांवर २०१२ पासून गिधाडांचे अभयारण्य आहे. तेथे आता मोजकीच गिधाडे उरली आहेत. मेलेल्या गुरांच्या शरीरातील डायक्लोफेनॅकच्या अंशाने उपखंडातली गिधाडे मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने त्या औषधाचा पशुवैद्यकीय वापर बंद केला. मेलेली जनावरे आधी शिजवून मग गिधाडांना घाला, असे तेव्हा कोणी सुचवले नाही. कचऱ्यातला अंश काढण्यापेक्षा तो येतो तेथेच अडवणे शहाणपणाचे, हे आपल्याच प्रशासनाने एकदा ओळखले होते.

तेव्हा क्रम असा असावा. ज्या औषधांना ढिगाची उष्णता पुरत नाही, विशेषतः फ्लुओरोक्विनोलोन, त्यांचा साऱ्या कळपाला सरसकट वापर पशुवैद्यकाच्या लेखी चिठ्ठीशिवाय होऊ नये, आणि त्या चिठ्ठीची प्रत लिटरबरोबर जावी. असे औषध दिलेल्या कळपाचे लिटर भाजीपाल्याच्या शेतात न जाता कोळशाच्या भट्टीकडे किंवा सिमेंटच्या भट्टीकडे जावे आणि वाहतुकीसह त्याचा खर्च ज्याने औषध पुरवले त्या कंपनीने सोसावा. खर्च अंगावर आला की चिठ्ठ्या आपोआप कमी होतील, असा माझा प्रशासकीय अनुभव सांगतो. बाकीच्या लिटरला इंदूर पद्धत पुरे: पंचावन्न अंशांवर पंधरा दिवस, त्यात पाच वेळा उलटणे, आणि लांब दांड्याच्या तापमापकाची रोजची नोंद. लिंपून ठेवण्याची बंगळुरू पद्धत या कामी नको, हे बंगळुरूकर म्हणून लिहिताना थोडे जड जाते. खत नियंत्रण आदेशात एकदम १२१ औषधांचा तक्ता घालण्याचा हट्टही नको. पोल्ट्रीत प्रत्यक्ष वापरली जाणारी चार-पाच औषधे निवडून सुरुवात व्हावी.

आकडे मात्र उसने आणून चालणार नाहीत. मिनेसोटातील टर्कीचे लिटर आणि कोलारच्या भाताच्या तुसातले लिटर यांत ओलावा, कर्ब, हवामान सारेच निराळे. बंगळुरूला हे काम करणे अवघड नाही. आडुगोडीला पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे, हेब्बाळला पशुवैद्यकीय महाविद्यालय, हेसरघट्ट्याला केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचे प्रशिक्षण केंद्र, आणि जेथे आचार्यांनी खड्डे खणून पाहिले ती विज्ञान संस्था. एका हिवाळ्यात आणि एका पावसाळ्यात चार औषधे, दोन प्रकारचे लिटर आणि तीन प्रकारची उष्णता यांचा तक्ता भरून निघेल. महाराष्ट्राने द्राक्षांच्या बाबतीत असेच काही करून दाखवले आहे: युरोपात माल अडू लागल्यावर २००६ पासून ‘ग्रेपनेट’खाली बागनिहाय नोंदणी झाली आणि पुण्याजवळ मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली कीटकनाशकांचे अंश मोजले जाऊ लागले. अल्पभूधारक नोंदी ठेवत नाहीत, हा दावा नाशिकच्या बागायतदारांनी तेव्हाच खोटा पाडला. तेथे ग्राहक परदेशी होता आणि माल परत येण्याची भीती होती. कोलारच्या कोबीला तशी भीती नाही. तिचा ग्राहक पहाटेच्या त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राहतो.

माझ्या त्या बागायतदाराने यंदाही दोन गाड्या कोंबडखत टाकले. ढीग उलटायला माणसे मिळाली का, असे विचारले तेव्हा तो हसला. ढीग गाडीतून उतरल्याच्या चौथ्या दिवशी शेतात गेला होता. पोत्यावर काय लिहिलेले असावे, असे त्यानेच मला विचारले. मी म्हटले, कोणते औषध दिले होते, शेवटचे केव्हा दिले, आणि खत किती दिवस किती अंशांवर तापले. तो म्हणाला, पहिले दोन कंपनीला विचारा, तिसरे मी लिहीन.